चाइल्ड बेनिफिट आईच्या खात्यात, कर वडिलांच्या रिटर्नमध्ये: ब्रिटनमधील एका आकारणीची पार्श्वभूमी

ब्रिटनमध्ये मुलांसाठी दिले जाणारे चाइल्ड बेनिफिट बहुतेक घरांत आईच्या खात्यात जमा होते. मात्र आई-वडिलांपैकी एकाचे वार्षिक उत्पन्न ६० हजार पौंडांच्या वर गेले, तर त्या रकमेचा काही भाग किंवा सगळीच रक्कम अधिक कमावणाऱ्या जोडीदाराला कर म्हणून परत करावी लागते. हीच ती आकारणी. घेणारा एक आणि फेडणारा दुसरा, ही रचना कोणी एका बैठकीत आखलेली नाही. वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या कारणांनी घेतलेल्या दोन निर्णयांची २०१३ साली गाठ पडली, आणि आजच्या बहुतेक तक्रारी त्या गाठीतून निघालेल्या आहेत.

मुलांच्या खर्चाचा विचार ब्रिटिश सरकारने आधी प्राप्तिकरात केला. १९०९ च्या अर्थसंकल्पात तेव्हाचे अर्थमंत्री लॉइड जॉर्ज यांनी मध्यम उत्पन्नाच्या करदात्यांना प्रत्येक मुलामागे करसवलत दिली. ती अर्थातच कर भरणाऱ्याला, म्हणजे व्यवहारात वडिलांना मिळे. ज्यांना कर भरावा लागण्याइतके उत्पन्नच नव्हते, त्यांना काहीच मिळत नसे. समाजसुधारक एलिनर रॅथबोन यांनी पहिल्या महायुद्धानंतर या व्यवस्थेविरुद्ध मोहीम उघडली. मुलांचे संगोपन हे समाजाचे काम आहे आणि त्याचा मोबदला आईच्या हाती पडला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. १९४५ च्या कुटुंब भत्ता विधेयकाच्या मूळ मसुद्यात पैसे वडिलांचे मानले होते. रॅथबोन यांनी त्याला संसदेत कडाडून विरोध केला आणि तरतूद बदलून घेतली. ऑगस्ट १९४६ पासून दुसऱ्या आणि त्यापुढच्या मुलामागे आठवड्याला ५ शिलिंग (पाव पौंड) मिळू लागले. ते पाहायला रॅथबोन नव्हत्या. त्याच वर्षी जानेवारीत त्यांचे निधन झाले होते.

पुढची तीस वर्षे भत्ता आणि करसवलत शेजारी शेजारी चालत राहिले. १९६८ मध्ये मजूर पक्षाच्या सरकारने भत्ता वाढवला आणि त्याच वेळी करदात्यांची मुलांवरची सवलत घटवून ती वाढ त्यांच्याकडून काढून घेतली. भत्ता आईला द्यायचा आणि वसुली वडिलांच्या करातून करायची, ही युक्ती म्हणजे २०१३ ची निर्मिती नव्हे. १९७५ च्या कायद्याने भत्ता आणि सवलत एकत्र करून पहिल्या मुलापासून चाइल्ड बेनिफिट देण्याचे ठरले, पण अंमलबजावणीच्या तोंडावर १९७६ मध्ये मंत्रिमंडळ कचरले. करसवलत गेली की पुरुष कामगारांच्या हाती पडणारा पगार कमी दिसेल, ही भीती त्यामागे होती. मंत्रिमंडळातील चर्चेचा तपशील ‘न्यू सोसायटी’ या साप्ताहिकात फुटला, गदारोळ झाला, आणि अखेर १९७७ ते १९७९ या काळात योजना टप्प्याटप्प्याने लागू झाली. घराचे उत्पन्न कितीही असो, भत्ता सर्वांना सारख्याच दराने, हे तत्त्व तेव्हापासून रूढ झाले.

दुसरा निर्णय करपद्धतीतला होता. एकोणिसाव्या शतकापासून कायद्याच्या दृष्टीने विवाहित स्त्रीचे उत्पन्न नवऱ्याचेच मानले जात होते. तेव्हाचे अर्थमंत्री नायजेल लॉसन यांनी १९८८ मध्ये जाहीर केलेल्या बदलानुसार एप्रिल १९९० पासून पती-पत्नींची करआकारणी स्वतंत्र झाली. परिणामी प्राप्तिकर आकारताना कुटुंबाचे एकत्रित उत्पन्न किती, हे पाहण्याचे कारण उरले नाही.

ऑक्टोबर २०१० मध्ये अर्थमंत्री जॉर्ज ऑसबर्न यांनी हुजूर पक्षाच्या अधिवेशनात जाहीर केले, की वरच्या दराने कर भरणाऱ्यांच्या घरातील चाइल्ड बेनिफिट बंद होईल. टीकेनंतर २०१२ च्या अर्थसंकल्पात ही योजना थोडी सौम्य झाली आणि ७ जानेवारी २०१३ पासून आकारणी सुरू झाली. उत्पन्न ५० हजार पौंडांच्या वर गेल्यावर प्रत्येक १०० पौंडांमागे भत्त्याच्या १ टक्का रक्कम परत जाई, आणि ६० हजारांवर सगळी. दोन मुलांचे वर्षाचे चाइल्ड बेनिफिट तेव्हा सुमारे १,७५२ पौंड होते. म्हणजे या पट्ट्यातील प्रत्येक वाढीव पौंडामागे नेहमीच्या करावर आणखी साडेसतरा पेन्स जात. कर व्यक्तीवर आणि लाभ कुटुंबाला, त्यामुळे प्रत्येकी ४९ हजार कमावणाऱ्या जोडप्याला पूर्ण भत्ता मिळे, तर एकट्याच्या ६० हजारांवर चालणाऱ्या घराला काहीच उरत नसे. याला अन्यायाशिवाय दुसरा शब्द सापडत नाही.

त्रास विषमतेपुरता थांबला नाही. पगारातून परस्पर कर कापला जाणाऱ्या लाखो नोकरदारांनी कधी रिटर्न भरले नव्हते. आता करवर्ष संपल्यावर ५ ऑक्टोबरपर्यंत नोंदणी आणि ३१ जानेवारीपर्यंत विवरणपत्र व कर, असे वेळापत्रक त्यांच्यामागे लागले. पगार हळूहळू वाढून मर्यादा ओलांडलेल्या अनेकांना हे कळले, ते थेट मागील वर्षांची थकबाकी आणि दंडाची नोटीस आल्यावर. अशा जुन्या वसुलीचा कायदेशीर आधार २०२१ मध्ये न्यायाधिकरणाने नाकारला, तेव्हा सरकारने २०२२ मध्ये पूर्वलक्षी प्रभावाने कायदाच बदलला. दुसरीकडे, कटकट नको म्हणून काहींनी भत्त्याचा अर्जच केला नाही. त्यात घरी थांबलेल्या आईचे नुकसान झाले, कारण मूल १२ वर्षांचे होईपर्यंत तिच्या सरकारी पेन्शनसाठी मिळणारी नॅशनल इन्शुरन्सची (सरकारी सामाजिक विम्याची) वर्षे या अर्जावरच नोंदली जातात. अर्ज करून पैसे मात्र न घेण्याची सोय आहे, आणि ती वापरावी.

एप्रिल २०२४ पासून मर्यादा ६० हजारांवर गेली आणि भत्ता ८० हजारांवर पूर्ण संपू लागला. कुटुंबाचे एकत्रित उत्पन्न धरण्याची तेव्हाचे अर्थमंत्री जेरेमी हंट यांची घोषणा मात्र त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांच्यानंतर अर्थमंत्री झालेल्या रेचेल रीव्ह्ज यांनी खर्चाचे कारण देऊन सोडून दिली. २०२५ पासून नोकरदारांना ही रक्कम पगारातून कापून घेता येते. केवळ या आकारणीसाठी रिटर्न भरण्याची सक्ती त्यामुळे टळते.

ब्रिटनमधील मराठी कुटुंबांच्या बाबतीत आणखी एक पदर आहे. कामाच्या व्हिसावर असताना सरकारी निधीवर हक्क नसतो आणि चाइल्ड बेनिफिट त्यातच मोडते, म्हणून हा प्रश्न बहुधा कायम वास्तव्याची परवानगी मिळाल्यावर उभा राहतो. तोपर्यंत आयटी किंवा वैद्यकीय क्षेत्रातील पगार अनेकदा मर्यादेजवळ पोहोचलेला असतो. पेन्शनमध्ये भरलेली रक्कम हिशेबातून वजा होते, हे अनेकांना ठाऊक असते. मात्र भारतातील एनआरई खात्यावरचे (अनिवासी भारतीयांसाठीच्या बँक खात्यावरचे) व्याज भारतात करमुक्त असले, तरी दीर्घकाळ ब्रिटनमध्ये राहणाऱ्याच्या उत्पन्नात ते सामान्यतः धरले जाते. पुण्यातील फ्लॅटचे भाडेही असेच उत्पन्नात धरले जाते. अशा उत्पन्नासाठी रिटर्न भरावे लागत असेल, तर पगारातून कापून घेण्याची नवी सोय त्या घराला उपयोगी पडत नाही.