स्थलांतरित व निर्वासित स्त्रियांवरील हिंसा : समाजकार्य संशोधन (कोल्हापूर)

पोटासाठी किंवा जीव वाचवण्यासाठी गाव सोडलेल्या स्त्रियांवर घरात, वाटेत आणि कामाच्या जागी होणाऱ्या हिंसेचा अभ्यास. समाजकार्यात तो माहिती गोळा करून संपत नाही. जिने सांगितले तिला उपचार, निवारा आणि कायद्याची मदत मिळवून देणे हाही त्याचाच भाग असतो.

निर्वासित स्त्रिया कोल्हापूरने जवळून पाहिल्या आहेत. 1943 ते 1948 या काळात वळिवडे येथील छावणीत सुमारे 5,000 पोलिश निर्वासित राहिले. त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले होती. ही माणसे सोव्हिएत हद्दपारी, सक्तमजुरी आणि उपासमार सोसून आली होती.

आज जिल्ह्यात या अभ्यासाच्या केंद्रस्थानी ऊसतोड करणारी स्त्री असायला हवी. दिवाळीच्या आगेमागे बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून टोळ्या करवीर, कागल, शिरोळ, हातकणंगलेच्या फडांत उतरतात. मुकादम उचल (हंगामाआधीची आगाऊ रक्कम) देतो ती नवराबायकोच्या जोडीला, म्हणजे एका कोयत्याला. हिंसेचा शोध या व्यवहारापासूनच सुरू करावा लागतो. मारहाणीला कंटाळून बाई माहेरी निघाली तर कोयता मोडतो आणि उचल अंगावर राहते. काम बुडाले की खाडा, म्हणजे गैरहजेरीचे पैसे, कापतात, म्हणून पाळीत, गरोदरपणात, आजारातही मोळी डोक्यावर घ्यावीच लागते. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने 2019 मध्ये दिलेल्या अहवालानुसार बीड जिल्ह्यात पाहणी केलेल्या 82,309 ऊसतोड स्त्रियांपैकी 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले होते. या आकड्याकडे केवळ आरोग्याचा प्रश्न म्हणून पाहणे अन्यायाचे आहे. 'नवरा मारतो का?' एवढेच विचारणाऱ्या प्रश्नावलीत यातले काहीच येत नाही.

मुलाखतीची जागा हा मोठा पेच असतो. कोपीत, म्हणजे टोळीच्या तात्पुरत्या झोपडीत, बोललेले शेजारच्या कोपीत ऐकू जाते, आणि मुकादमाच्या ओळखीने आलेल्या पाहुण्याजवळ कोणतीही बाई मन मोकळे करणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2001 मध्ये अशा संशोधनासाठी घालून दिलेल्या नियमांत एकांत, गुप्तता आणि बोलणारीची सुरक्षितता यांना पहिले स्थान आहे. आशा सेविकेसोबत, दवाखान्याच्या निमित्ताने झालेले बोलणे त्यामानाने सुरक्षित ठरते.

1979 चा स्थलांतरित कामगार कायदा परराज्यातून आलेल्यांपुरताच होता, त्यामुळे बीडहून कोल्हापूरला आलेली बाई त्यात बसत नव्हती. घरगुती हिंसाचारविरोधी 2005 चा कायदा मात्र तिला उपयोगी पडतो: ती तात्पुरती राहत असेल तेथील न्यायदंडाधिकाऱ्यांकडेही त्याखाली अर्ज करता येतो. पण पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की टोळी परतते आणि पुढच्या तारखेला अर्जदार शेकडो किलोमीटर दूर असते. म्हणून फडावरची नोंद तिच्या गावच्या तालुक्यातील संरक्षण अधिकाऱ्यापर्यंत, अर्थात तिच्या संमतीनेच, पोहोचवण्याची सोय अभ्यासाच्या आखणीतच करून ठेवावी लागते.