भिंतीपेक्षा मऊ: चुना मागे पडला आणि परत आला त्याची पार्श्वभूमी

दगड-विटांच्या जुन्या घराची दुरुस्ती निघाली की पहिला वाद होतो तो दरजा, म्हणजे दगड-विटांमधल्या फटी, कशाने भरायच्या यावर. सिमेंट चटकन घट्ट होतं आणि कुठेही मिळतं, मग चुन्याचा हट्ट कशाला? जुन्याची ओढ हे त्याचं पुरतं उत्तर नाही. बांधकामाच्या जगाला दोनेकशे वर्षांत एका साध्या गोष्टीचा विसर पडला होता. ती आठवून दिली ती खराब होत गेलेल्या भिंतींनीच.

चुनखडी भट्टीत साधारण ९०० अंश सेल्सिअसला भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यात पाणी घातलं की तो खदखदत विरतो. विरलेला चुना वाळूत कालवून भिंतीत घातला की तो हवेतला कार्बन डायऑक्साइड सावकाश परत ओढून घेतो आणि पुन्हा चुनखडी होतो. याला घाई चालत नाही. तीन वर्षांपेक्षा कमी मुरलेला चुना ठेकेदाराने वापरू नये, असा जुना नियम असल्याचं रोमन लेखक प्लिनी सांगतो. हा काळ आज कोणालाही परवडणार नाही, पण चुन्याकडे किती गांभीर्याने पाहिलं जाई ते त्यातून कळतं.

साध्या चुन्याची अडचण एकच: पाण्याखाली तो घट्ट होत नाही. १७५६ ते १७५९ या काळात इंग्लंडजवळच्या समुद्रातल्या खडकावर एडिस्टन दीपगृह बांधताना अभियंता जॉन स्मीटनने वेगवेगळे चुने तपासले. ज्या चुनखडीत चिकणमाती मिसळलेली असते तिचा चुना पाण्यातही आवळतो, हे त्याच्या लक्षात आलं. हाच धागा पुढे गेला आणि १८२४ मध्ये लीड्सच्या जोसेफ अ‍ॅस्प्डिनने पोर्टलंड सिमेंटचं पेटंट घेतलं. त्याचं सिमेंट आजच्याइतकं कडक नव्हतं. ती ताकद पुढच्या दशकांत, भट्टीचं तापमान वाढवल्यावर आली. विसाव्या शतकात नव्या बांधकामासाठी आलेलं हे सिमेंट जुन्या भिंतींतही शिरलं, आणि बिघाड तिथे सुरू झाला.

जुनी भिंत ओल आत येऊ देते आणि बाहेरही टाकते. तिच्या दरजा विटांपेक्षा मऊ आणि जास्त सच्छिद्र असतात, त्यामुळे पाणी त्यांच्यातून उडून जातं, क्षारही तिथेच साठतात आणि झिजते ती दरज. ती पुन्हा भरता येते. त्याच दरजेत सिमेंट ठासलं की पाण्याची वाट बंद होते. मग ते विटेतून निघतं, क्षारांचे स्फटिक विटेच्या आत धरतात आणि विटेचा दर्शनी भाग सोलपटून पडतो. सिमेंटची जाळी जागच्या जागी आणि मधल्या विटा खोल गेलेल्या, अशी भिंत एकदा पाहिली की हा मुद्दा कायमचा पटतो. घर पाया खचल्याने किंवा ऋतुमानाने थोडं हललं तर चुना ते सामावून घेतो, बारीक भेगा पाण्यात विरघळलेल्या चुन्याने पुन्हा सांधल्याही जातात. सिमेंट तडकतं आणि त्या तड्यातून आत गेलेलं पाणी अडकून राहतं.

दुरुस्ती किती आणि कशी करावी, हा वाद मात्र सिमेंटच्या दुष्परिणामांची चर्चा होण्याआधीचा आहे. फ्रान्समध्ये वास्तुरचनाकार व्हियोले-ल-द्यूक इमारतीला असं पूर्णत्व देऊ पाहत होता की जे कदाचित कधीच अस्तित्वात नव्हतं. या वृत्तीविरुद्ध १८७७ मध्ये विल्यम मॉरिसने लंडनमध्ये प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी संस्था काढली. जुने गिलावे खरवडून काढण्याला विरोध म्हणून तिला 'अँटी-स्क्रेप' असंही नाव पडलं. तिचं सांगणं सोपं होतं: गळकं छप्पर दुरुस्त करा, कलत्या भिंतीला टेकू द्या, रोजची निगा ठेवा, आणि काळाने केलेले बदल पुसू नका. दीडशे वर्षांनीही मला यापेक्षा चांगला सल्ला माहीत नाही.

तरीही नव्या साहित्याचा मोह सुटला नाही. वास्तुजतनाची तत्त्वं मांडणाऱ्या १९३१ च्या आंतरराष्ट्रीय अथेन्स सनदेने वारसा-वास्तूंत प्रबलित (लोखंडी सळ्या घातलेल्या) काँक्रीटच्या विवेकी वापराला संमती दिली. त्याच अथेन्समध्ये अ‍ॅक्रोपोलिस या प्राचीन मंदिरांच्या टेकडीवर निकोलाओस बालानोसने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात संगमरवर लोखंडी पट्ट्यांनी सांधला होता. प्राचीन कारागीर असं लोखंड शिशात गुंडाळत, ती काळजी इथे घेतली गेली नाही. लोखंड गंजून फुगलं आणि दगड फुटले. १९७५ नंतरच्या कामात ते काढून टायटॅनियम बसवावं लागलं.

अशाच १९६४ च्या व्हेनिस सनदेने क्रम उलटा केला: पारंपरिक पद्धत अपुरी ठरली तरच आधुनिक, तीही अनुभवाने सिद्ध झालेली. जिथे तर्क सुरू होतो तिथे दुरुस्ती थांबावी, हेही तिनेच सांगितलं. चुना प्रत्यक्ष हातात परत आला तो १९७० च्या दशकात, इंग्लंडमधल्या वेल्स शहरातल्या कॅथेड्रलच्या पश्चिम दर्शनी भागावर. रॉबर्ट बेकरने तिथल्या मध्ययुगीन मूर्ती चुन्याच्या लेपाने स्वच्छ केल्या आणि चुन्यानेच दुरुस्त केल्या. कारागिरांची पुढची पिढी अशा कामांतून पुन्हा शिकली.

आज नवा चुना भरण्याइतकंच अवघड काम आहे ते आधीचं सिमेंट काढण्याचं. ग्राइंडर फिरवला की विटांच्या कडा कापल्या जातात, म्हणून जाणकार छिन्नी-हातोडीने एकेक दरज मोकळी करतात. सिमेंट विटेला घट्ट धरून बसलेलं असेल तर ते सध्या तसंच ठेवतात आणि ते आपणहून सुटेपर्यंत थांबतात.