डेटाचा बॅकअप आहे, पण सेटिंगचा?

डेटाचा बॅकअप घेता का असं विचारलं की बहुतेक जण हो म्हणतात, डेटाबेसची कॉपी रोज निघते, फाइली दुसरीकडे जातात, सगळं व्यवस्थित. पण त्या डेटाबेसच्या अवतीभवती जे उभं केलंय त्याचं काय? म्हणजे फायरवॉलचे नियम (बाहेरून कोण आत येऊ शकतं ते), कुणाला कुठली परवानगी, डीएनएसमधल्या नोंदी (आपलं नाव इंटरनेटवर कुठल्या सर्व्हरकडे जातं ते), काम अनेक सर्व्हरवर वाटणाऱ्या लोड बॅलन्सरचा टाइमआउट. त्याची कॉपी कुठेय म्हटलं की सगळे एकमेकांकडे बघायला लागतात. ती फक्त क्लाउडच्या पॅनलमध्ये असते, आणि तिथे अनडूचं बटण बहुधा नसतंच.

हे मला नीट कळलं ते डीएनएसमधल्या एका टीएक्सटी रेकॉर्डमुळे, म्हणजे साध्या मजकुराच्या नोंदीमुळे. डीएनएसची साफसफाई करताना एक जुनी वाटणारी नोंद मी उडवली, ती नेमकी एसपीएफची होती, म्हणजे आमच्या नावाने ईमेल पाठवायची परवानगी कुठल्या सर्व्हरना आहे त्याची यादी. लगेच काहीच बिघडलं नाही. चौथ्या दिवशी लक्षात आलं की आमच्या ईमेल लोकांच्या स्पॅममध्ये जातायत, आणि तोपर्यंत त्या एका ओळीत नक्की काय काय लिहिलं होतं हे कुणालाच आठवेना, कारण ती तीन वर्षांत थोडी थोडी वाढवत नेलेली होती. जुन्या ईमेलची हेडर उघडून, एकेक सर्व्हर शोधून ती परत जुळवली. पूर्ण दिवस गेला.

उपाय साधा आहे. जवळजवळ प्रत्येक मोठ्या क्लाउड सर्व्हिसला एपीआय असतं, म्हणजे प्रोग्रामला तिच्याशी बोलायची सोय, त्याला विचारलं की ते सगळी सेटिंग जेसन नावाच्या साध्या टेक्स्ट स्वरूपात देतं. एक छोटी स्क्रिप्ट रोज रात्री ती मागवते, फाइलीत लिहिते आणि गिटमध्ये, म्हणजे फाइलींचा इतिहास ठेवणाऱ्या टूलमध्ये, कमिट करते, म्हणजे त्या वेळची नोंद साठवते, झालं. कल्पना नवीन मुळीच नाही, नेटवर्कवाली मंडळी रॅन्सिड नावाच्या टूलने राउटर आणि स्विचची कॉन्फिग अशीच ठेवायची, तेव्हा गिट जन्माला पण आलं नव्हतं, सीव्हीएस नावाचं तसंच जुनं टूल वापरायचे.

गिटच का, नुसत्या तारखेच्या फोल्डरमध्ये फाइली टाकल्या तर चालणार नाही का? चालेल, पण गिटची आतली रचना या कामाला फार छान बसते. लिनस टोरवाल्ड्सने २००५ च्या एप्रिलमध्ये लिनक्स कर्नलच्या कामासाठी ते लिहिलं. गिट प्रत्येक फाइलच्या मजकुरावरून एक हॅश काढतं, ४० अक्षरांचा ठसाच म्हणा, मजकुरात एक स्वल्पविराम बदलला तरी अख्खा ठसा वेगळा येतो. मजकूर तोच असेल तर ठसाही तोच, म्हणून गिट ती फाइल पुन्हा साठवतच नाही, वर्षभर रोज बॅकअप घेतला तरी जागा फक्त बदललेल्या गोष्टींनाच लागते. शिवाय प्रत्येक कमिटमध्ये आधीच्या कमिटचा ठसा असतो, त्यामुळे मागचा इतिहास कुणी गुपचूप बदलला तर पुढचे सगळे ठसे बदलतात आणि ते लगेच उघडं पडतं.

आणि खरी मजा डिफ, म्हणजे दोन नोंदींमधला फरक, बघण्यात आहे. सकाळी उघडलं तर दिसतं, लाल म्हणजे काढलेली ओळ: पोर्ट २२, फक्त ऑफिसचा आयपी. तिच्याखाली हिरवी म्हणजे नवी ओळ: पोर्ट २२, ०.०.०.०/०. या दोन ओळींचा अर्थ असा की सर्व्हरवर लॉगिन करायचं दार आधीच्या बॅकअपच्या वेळी एकाच पत्त्याला उघडं होतं आणि आता अख्ख्या इंटरनेटला उघडं आहे. कुणीतरी घाईत घरून काम करण्यासाठी केलं असेल आणि परत बंद करायचं राहिलं असेल. पॅनलमध्ये शंभर नियमांच्या गर्दीत हे कुणाला दिसलं नसतं.

पण हे डिफ वाचण्यासारखं राहायला हवं, आणि इथेच बरेच जण कंटाळून सोडून देतात. एपीआय दर वेळी याद्या त्याच क्रमाने देईलच असं नाही, शिवाय शेवटचं कधी वापरलं असल्या वेळा आतमध्ये असतात, त्यामुळे काहीच न बदलता रोज दोनशे ओळींचं डिफ येतं आणि आठवड्याभरात माणूस बघायचंच थांबतो. म्हणून कमिट करायच्या आधी याद्या आणि फील्डची नावं एका ठरलेल्या क्रमात लावायची, सतत हलणारी फील्ड काढून टाकायची. माझ्या मते अर्धं काम हेच आहे.

दुसरा फसवा प्रकार पानांचा. बरीच एपीआय यादी तुकड्यातुकड्याने देतात, उदाहरणार्थ गिटहबचं एपीआय काही सांगितलं नाही तर एका वेळी ३० च नोंदी देतं. पुढचं पान मागायला स्क्रिप्ट विसरली तर बॅकअप दिसतो छान, पण ३१ वी नोंद त्यात कधीच नसते. म्हणून किती नोंदी आल्या ते मोजून ठेवा आणि रात्रीचा जॉब अडकला किंवा एपीआयच्या टोकनची (स्क्रिप्टच्या प्रवेशपत्राची) मुदत संपली तर आरडाओरडा होईल अशी सोय करा.

पासवर्ड आणि गुप्त कीज मात्र रिपॉझिटरीत, म्हणजे गिटच्या या साठ्यात, अजिबात नकोत. गिट विसरत नाही हा त्याचा गुण इथे उलटतो, आज फाइलीतून की काढली तरी जुन्या कमिटमध्ये ती तशीच राहते, त्यामुळे चुकून गेलीच तर ती आधी रद्द करून नवीन बनवायची. गुपितांसाठी वेगळी तिजोरी ठेवा. आणि बॅकअप घेणाऱ्या स्क्रिप्टला फक्त वाचायची परवानगी द्या, लिहायची कशाला हवी?

रिपॉझिटरीची एक प्रत त्याच क्लाउड अकाउंटच्या बाहेर हवी. मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या पेन्शन फंडाचं गुगल क्लाउडवरचं प्रायव्हेट क्लाउडच उडालं, सेटअपच्या वेळी एक पॅरामीटर रिकामा राहिला होता, तेवढ्यावरून. सभासदांना जवळपास आठवडाभर लॉगिन करता येईना. त्यांनी दुसऱ्या प्रोव्हायडरकडेही बॅकअप ठेवले होते, सावरताना त्याचा उपयोग झाला.

टेराफॉर्मसारखं टूल वापरून सगळं आधी कोडमध्ये लिहायचं आणि मगच लावायचं, हे जास्त चांगलं, पण रात्री दोन वाजता साइट बंद पडली की माणूस पॅनलमध्येच क्लिक करतो, आणि ते क्लिक रात्रीच्या एक्स्पोर्टमध्येच सापडतं.

आता परत उभं करण्याबद्दल. आम्ही एकदा रिकाम्या अकाउंटमध्ये सगळं फाइलींवरून लावून बघितलं तर पहिल्याच पायरीला अडलं, कारण फायरवॉलच्या नियमात ज्या नेटवर्कचा आयडी होता तो नवीन अकाउंटमध्ये अस्तित्वातच नव्हता. आधी नेटवर्क, मग सबनेट (नेटवर्कचे छोटे भाग), मग नियम, मग मशीन, आणि प्रत्येक पायरीला जुन्या आयडीच्या जागी नवा. तो क्रम आता रिपॉझिटरीतच एका फाइलीत लिहून ठेवलाय, आणि दर तीन महिन्यांनी त्यावरून सगळं परत उभं करून बघतो.