‘आधी छापलेलं’ म्हणजे काय? जुन्या इंग्रजी काव्याच्या पुनर्मुद्रणांची पार्श्वभूमी

मराठी पुस्तकाच्या श्रेयपानावर ‘आवृत्ती’ आणि ‘पुनर्मुद्रण’ असे दोन शब्द असतात. दोहोंतला फरक प्रकाशकाला दर वेळी सांगता येईलच असं नाही. जुन्या इंग्रजी वाङ्मयात हाच गोंधळ दीडशे वर्षांहून जास्त काळ चालू आहे. तिथे मात्र त्यावरून जुने मजकूर छापणाऱ्या एका संस्थेची मालिका दोन भागांत फुटली आणि दोन्ही भाग हवे असणाऱ्यांची वर्गणी दुप्पट झाली.

मागचं थोडक्यात. अठराव्या शतकात जुन्या कवितेची आवड होती, पण ती छापताना हात आखडता घ्यायची पद्धत नव्हती. इंग्लंडच्या श्रॉपशर परगण्यातल्या एका घरात मोलकरणी हस्तलिखिताची पानं फाडून शेकोटी पेटवत होत्या. एका धर्मोपदेशकाने ती वही वाचवली आणि तिच्यातले पोवाडे १७६५ साली छापले. छापताना मात्र ओळी घासूनपुसून घेतल्या, तुटलेल्या जागी स्वतःच्या घातल्या. मूळ वही जशीच्या तशी छापून व्हायला १८६७–६८ उजाडलं.

मधल्या काळात हे काम श्रीमंत हौशी लोकांच्या हाती होतं. १८१२च्या जूनमध्ये लंडनला एका सरदाराच्या ग्रंथसंग्रहाचा लिलाव झाला. १४७१ साली व्हेनिसला छापलेलं इटालियन कथांचं एक पुस्तक २,२६० पौंडांना गेलं. त्याच दिवशी संग्राहक मंडळी एकत्र जेवली आणि त्यांचा क्लब निघाला. सभासदाने एखादा दुर्मीळ मजकूर छापायचा आणि बाकीच्यांना भेट द्यायचा, असा रिवाज. पुढे एडिंबरा आणि ग्लासगोतही असे क्लब निघाले. संपादनं काही वेळा फार चांगली झाली, हे कबूल करायला हवं. ऑक्सफर्डला संतचरित्रांच्या बाडात दडलेलं ‘हॅव्हलॉक’ हे मध्ययुगीन कथाकाव्य १८२८मध्ये बाहेर आलं ते अशाच एका क्लबामुळे. पण बाहेर आलं म्हणजे मोजक्या घरांतल्या कपाटांत गेलं.

खरी सुरुवात १८६४ची. इंग्रजी भाषेचा ऐतिहासिक शब्दकोश करायचं लंडनमध्ये घाटत होतं. प्रत्येक शब्दासाठी सालवार उदाहरणं हवी होती आणि ती चिठ्ठ्यांवर उतरवून पाठवणारे स्वयंसेवक गावोगावी बसले होते. त्यांच्यापुढे छापील पुस्तक असेल तरच चिठ्ठी होणार. हस्तलिखित लंडनच्या संग्रहालयात असेल तर खेड्यातल्या वाचकाला त्याचा काय उपयोग? म्हणून वर्षाला एक गिनी (एकवीस शिलिंग) वर्गणीची, असे मजकूर छापणारी एक संस्था निघाली. संस्थापक वकिलीचं शिक्षण झालेला, कामगारांच्या रात्रशाळेत शिकवणारा आणि नौकानयनाचा कमालीचा शौकीन. पहिल्याच वर्षी ‘पर्ल’ आणि तिच्या सोबतच्या कविता प्रथमच छापल्या गेल्या. १८६६मध्ये ‘पीअर्स प्लाउमन’ या दीर्घकाव्याच्या २९ हस्तलिखितांतला एकच उतारा ओळीने मांडणारी पुस्तिका आली. हे उतारे आपल्या कपाटातल्या पोथीशी ताडून पाहा आणि आम्हाला कळवा, अशी त्यामागची कल्पना. पाठभेद गोळा करायचा इतका स्वस्त मार्ग आधी कुणाला सुचला नव्हता.

वादाची जागा आली ती १८६७ साली. संस्थेने आपली मालिका दोन भागांत फोडली. कधीच न छापलेले मजकूर मूळ मालिकेत. आधी छापलेले, पण वाईट छापलेले किंवा मिळेनासे झालेले मजकूर नव्या ‘अतिरिक्त’ मालिकेत. तिची वर्गणी वेगळी, आणखी एक गिनी. कागदावर हे नीटनेटकं दिसतं. पण ‘आधी छापलेलं’ कशाला म्हणायचं? १८३२ साली लंडनच्या क्लबाने सभासदांपुरतं छापलेलं ‘विल्यम ऑफ पालर्न’ हे कथाकाव्य अतिरिक्त मालिकेचा पहिला क्रमांक झालं. ‘हॅव्हलॉक’ चौथा. उलट ‘सर गवेन’ हे काव्य एडिंबऱ्याच्या क्लबाने १८३९मध्ये छापलेलंच होतं, तरी ते मूळ मालिकेचा चौथा क्रमांक आहे. कारण एवढंच, की ते १८६४मध्ये आलं, तेव्हा दुसरी मालिकाच नव्हती. म्हणजे एकाच जातीच्या दोन मजकुरांचे कप्पे तारखेने ठरवले. आज ग्रंथालयात खंड मागवताना चिठ्ठीवर मालिकेचं नाव चुकलं, तर भलताच खंड टेबलावर येतो.

मला स्वतःला वाटतं, की तीस-चाळीस श्रीमंतांच्या घरी पोचलेल्या प्रतीला ‘छापलेलं’ म्हणणं म्हणजे क्लबांना फुकटचं श्रेय देणं होतं. शब्दकोशाच्या चिठ्ठ्या लिहिणाऱ्याला ते पुस्तक हस्तलिखिताइतकंच दूर होतं. शिवाय ‘अतिरिक्त’ म्हटलं की पंगत उठल्यावर उरलेलं असा वास येतो. त्यातल्या खंडांत मात्र हस्तलिखितं नव्याने वाचलेली होती, शब्दसूची नवी होती, टिपा नव्या होत्या. याला पुनर्मुद्रण म्हणायचं कसं? संस्थेची बाजूही आहे: दोन्ही प्रकार एकाच गिनीत बसवले असते तर न छापलेल्या पोथ्या वर्षानुवर्षं रांगेत राहिल्या असत्या. पैसे कमी, पोथ्या जास्त. घाईही होतीच; काही खंड मजकूर आधी आणि प्रस्तावना मागाहून अशा बेताने निघाले.

अक्षरांचा प्रश्न त्याच काळचा. जुन्या लिपीतलं ‘थॉर्न’ हे ‘थ’चं अक्षर उभ्या काठीला मध्यावर पोट फुटल्यासारखं दिसतं, तर ‘योग’ हे अक्षर आकड्यातल्या तीनसारखं. सुरुवातीच्या मुद्रकांकडे या अक्षरांचे छपाईचे खिळे नसले की ते थॉर्नच्या जागी ‘वाय’ लावत. दुकानांच्या पाट्यांवरचं ‘यी ओल्ड’ (म्हणजे खरं तर ‘द ओल्ड’) तिथूनच आलं. स्कॉटिश मुद्रकांनी योगच्या जागी ‘झेड’ लावला, म्हणून ‘मेंझिस’ लिहिलेलं आडनाव तिकडे अजून ‘मिंगिस’ उच्चारतात. १८६४नंतरच्या खंडांनी दोन्ही अक्षरं ठेवली. लेखनिकाने वर रेघ मारून गाळलेला ‘न’ किंवा ‘म’ त्यांनी तिरप्या टाइपात भरून दाखवला. मोडी कागदांत ‘राजश्री’चं ‘रा।’ होतं, त्याच जातीची ही काटकसर. पान उघडलं की मजकूर उभा, भरलेली अक्षरं तिरपी, आणि समासात आजच्या इंग्रजीत कथेचा सारांश. संपादकाचा हात कुठे लागला ते डोळ्यांना दिसतं.

याच्याही पुढची पायरी फोटोची. १७३१च्या आगीत कडा करपलेल्या ‘बेओवुल्फ’ या जुन्या इंग्रजी महाकाव्याच्या हस्तलिखिताची छायाचित्र-आवृत्ती १८८२मध्ये निघाली: एका बाजूला पानाचा फोटो, समोर वाचन. नव्या फोटोंसह ती १९५९मध्ये पुन्हा आली. पण पानं सांभाळण्यासाठी १८४५ साली त्यांना कागदी चौकटी लावल्या होत्या आणि त्यांखाली कडेची अक्षरं झाकली गेली होती. ती वाचता आली १९९०च्या दशकात, पानामागून बारीक प्रकाशतंतू लावून.

विसाव्या शतकात फोटोने सगळंच सोपं केलं आणि शब्दाचा गुंता वाढवला. १९३८पासून मिशिगनमधल्या अॅन आर्बरची एक कंपनी जुनी छापील इंग्रजी पुस्तकं मायक्रोफिल्मवर घेऊ लागली. १९६०नंतर अमेरिकेतल्या नव्या विद्यापीठांना ग्रंथालयं भरायची होती, तेव्हा व्हिक्टोरियन खंडांचेच फोटो काढून नवे खंड बांधले गेले, जुन्या चुकांसकट. मायक्रोफिल्म पुढे पडद्यावर आली, आणि त्यावरून टंकलिखित केलेले २५,०००हून अधिक मजकूर १ जानेवारी २०१५ला सर्वांना खुले झाले. न वाचता आलेल्या अक्षराच्या जागी तिथे काळा ठिपका असतो. हा प्रामाणिकपणा मला आवडतो. यंत्राने वाचलेल्या प्रतींत तो नसतो: जुना लांब ‘एस’ यंत्राला ‘एफ’ दिसतो आणि ‘सिन’चं ‘फिन’ होतं. प्रवचनातलं पाप शोधायला जावं तर माशाचे पर हाती लागतात.

मागणीनुसार छापलेली ‘हॅव्हलॉक’ची एक प्रत मी मागवली होती. मुखपृष्ठावर चकचकीत अक्षरांत ‘पुनर्मुद्रण’. आत १८६८चा अतिरिक्त मालिकेतला खंड, कुठल्याशा ग्रंथालयाच्या शिक्क्यासह, आणि शब्दसूचीच्या एका पानावर स्कॅन करणाऱ्याचा अंगठा. त्या अंगठ्याखाली सहा-सात शब्द गेले आहेत.