लिहिलं की लगेच मोकळं वाटतं?

‘मनातलं सगळं कागदावर ओता, लगेच हलकं वाटेल’ हा सल्ला वर्षानुवर्षं दिला जातो. मग पहिल्याच दिवशी लिहिता लिहिता ज्याला रडू कोसळतं, तो ‘हे आपल्याला जमणारं नाही’ म्हणून वही मिटून टाकतो. याचं मला फार वाईट वाटतं, कारण त्याचं काहीच चुकलेलं नसतं.

या पद्धतीचा गाजलेला प्रयोग अमेरिकेतले संशोधक जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ साली प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांनी चार दिवस, रोज १५ मिनिटं लिहायचं होतं. ज्यांनी आयुष्यातल्या आघाताची घटना आणि त्यामागच्या भावना असं दोन्ही लिहिलं, त्यांचं मन लिहून झाल्या झाल्या उलट जास्तच खिन्न झालं. फायदा दिसला तो पुढच्या सहा महिन्यांत: दवाखान्याच्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी.

नुसती भडास काढूनही भागत नाही. पुढच्या अभ्यासांत असं दिसलं, की ज्यांच्या लिखाणात ‘कारण’, ‘त्यामुळे’, ‘आता लक्षात येतं’ असे शब्द वाढत गेले, त्यांना लाभ जास्त झाला. ‘साहेब सगळ्यांसमोर बोलले, डोकं फिरलं’ हेच रोज लिहिलं तर राग तसाच धुमसत राहतो. ‘चूक काढली हे लागलं, की चारचौघांत काढली हे?’ असं स्वतःला विचारलं, तर साहेबांशी नेमकं काय बोलायचं ते सुचायला लागतं.

सरासरी फायदा माफकच असतो. असं लिहिणं हा उपचारांना पर्याय नाही. लिहिताना तोल जातोय असं वाटलं तर सरळ थांबावं, विषय बदलावा.