प्लेटमागचा पंच आणि दोन सेंटिमीटर फोम

सॉफ्टबॉल या बेसबॉलसारख्या खेळाच्या सामन्यात हे हमखास घडतं. बॅटची कड चेंडूला जेमतेम लागते, चेंडू बॅटरच्या मागे झेलायला बसलेल्या कॅचरच्या ग्लोव्हला चुकवतो आणि थेट त्याच्याही मागे, होम प्लेटपाशी उभ्या पंचाच्या मास्कवर आदळतो. टण्णकन आवाज होतो आणि प्रेक्षकांतला कुणीतरी म्हणतो, "जरा खाली वाकायचं की! आणि सॉफ्टबॉलच तर आहे, एवढं काय लागणार?" या वाक्यात दोन गैरसमज आहेत. दोन्ही इतक्यांदा ऐकलेत की आता त्यांवर सविस्तर लिहायलाच हवं.

आधी नावाचं बघू. १८८७ साली शिकागोत जॉर्ज हॅनकॉक यांनी हा खेळ एका सभागृहात सुरू केला, तेव्हा दोरीने आवळून बांधलेला बॉक्सिंगचा ग्लोव्ह हा चेंडू होता आणि झाडूचा दांडा ही बॅट. तो चेंडू खरोखरच मऊ होता. आजचा फास्टपिचचा, म्हणजे वेगाने चेंडू टाकायच्या सॉफ्टबॉलचा चेंडू १२ इंच परिघाचा, १७८ ते १९८ ग्रॅम वजनाचा आणि बहुधा आतून भरीव पॉलियुरेथेनचा असतो. बेसबॉल १४२ ते १४९ ग्रॅमचा, म्हणजे त्याहून हलकाच. बऱ्याच सॉफ्टबॉलवर ३७५ हा आकडा छापलेला दिसतो. चेंडू पाव इंच चेपायला जास्तीत जास्त ३७५ पौंडांचं, म्हणजे सुमारे १७० किलो वजनाएवढं बल लागेल, असा त्याचा अर्थ. मऊपणा फक्त नावात उरलाय.

आता वाकण्याचं. महिलांच्या फास्टपिचमध्ये पिचर ४३ फुटांवरून, म्हणजे सुमारे १३ मीटरवरून चेंडू टाकते आणि ताशी १०० किलोमीटरचा वेग सहज गाठला जातो. हा वेग सेकंदाला जवळपास २८ मीटर पडतो. बॅट आणि पंचाचा मास्क यांत पावणेदोन मीटर अंतर धरलं, तर चेंडू बॅटला चाटून मास्कपर्यंत पोचायला ६० मिलिसेकंद लागतात. डोळ्यांनी काही बघून स्नायूंनी हालचाल सुरू करायला माणसाला २०० मिलिसेकंदांच्या आसपास वेळ लागतो. मेंदूला दिशा बदलल्याचं कळेस्तोवर चेंडू लागून गेलेला असतो. म्हणूनच चांगल्या पंचाला दचकायचं नाही असं शिकवतात. सगळं संरक्षण, म्हणजे मास्क आणि छातीवरचं फोमचं कवच (चेस्ट गार्ड), समोरच्या बाजूला असतं. मान वळवली की कान आणि मानेची बाजू उघडी पडते, खांदा फिरवला की बरगड्या. स्थिर उभं राहणं हा त्या साधनांचाच एक भाग आहे.

मग ही साधनं नेमकं करतात काय? "चेंडू अडवतात" हे उत्तर अपुरं आहे. चेंडू छातीनेही अडतोच. प्रश्न तो किती अंतरात अडतो हा आहे.

१९० ग्रॅमचा चेंडू सेकंदाला २८ मीटर वेगाने आला, तर त्याची गतिज ऊर्जा सुमारे ७४ ज्यूल भरते. साडेसात किलोची वस्तू एक मीटरवरून पडल्यावर जेवढी ऊर्जा असते, तेवढी ही. चेंडू थांबायचा तर ती कुठेतरी खर्च झाली पाहिजे. शाळेत शिकलेलं सूत्र आठवा: कार्य म्हणजे बल गुणिले विस्थापन. चेंडू एका सेंटिमीटरमध्ये थांबला तर सरासरी बल ७,४०० न्यूटन येतं. दोन सेंटिमीटरमध्ये थांबला तर त्याच्या निम्मं. ऊर्जा तीच, चेंडू तोच, फक्त थांबायला जागा दुप्पट मिळाली. ही जागा देणारा पदार्थ म्हणजे फोम, आणि इथे मला थोडं रेंगाळायचंय.

फोम भिंगाखाली धरून बघा. हजारो इवल्या कोठड्या एकमेकींना चिकटलेल्या दिसतात, प्रत्येकीच्या भिंती कागदाहून पातळ. दाब पडू लागला की सुरुवातीला भिंती नुसत्या वाकतात आणि बल भराभर वाढतं. मग एका टप्प्यावर त्या मुडपतात. पट्टी दोन्ही टोकांनी दाबल्यावर ती अचानक कमानीसारखी बाहेर झुकते ना, तसं. इथून पुढे मजा आहे. एक थर बसतो, मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. फोम चेपत जातो, पण बल मात्र जवळपास तेवढंच राहतं. फोम किती चेपला आणि बल किती लागलं याच्या आलेखावर उभी चढण संपून सपाट पठार लागतं. सगळ्या कोठड्या मिटल्या की पठार संपतं आणि बल पुन्हा उभं चढतं, कारण आता चेपायला हवाच उरलेली नसते, फोम भरीव प्लॅस्टिक झालेला असतो.

संरक्षण मिळतं ते या पठारावर. प्रतिबल (दर क्षेत्रफळावरचं बल) आणि विकृती (चेपण्याचं प्रमाण) यांच्या आलेखाखालचं क्षेत्रफळ म्हणजे दर घनसेंटिमीटर फोमने शोषलेली ऊर्जा. पठार जेवढं लांब, तेवढं शरीरावरचं बल न वाढवता जास्त ऊर्जा गिळता येते. फोम फार मऊ असेल तर पठार खालच्या पातळीवर राहतं, कोठड्या लवकर मिटतात आणि उरलेला मार जसाच्या तसा बरगडीला बसतो. फार कडक असेल तर पठार सुरूच होत नाही. म्हणून हातात घेऊन "किती मऊ आहे" किंवा "किती दणकट आहे" म्हणत चेस्ट गार्ड निवडणं फसवं असतं. त्यात फोम श्यानस्थितिस्थापक, म्हणजे दाब हळू आला तर नरम आणि झटक्यात आला तर ताठ. बोटाने दाबून चेंडूचा अंदाज येत नाही. परतताना फोम सगळी ऊर्जा परत करत नाही, बराच भाग उष्णतेत जातो, म्हणून चेंडू उसळण्याऐवजी पायाशी मेल्यासारखा पडतो.

चेस्ट गार्डवरच्या कडक प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचं काम वेगळं. चेंडूचा स्पर्श होतो तो १२ चौरस सेंटिमीटरभर भागावर. पट्टी तोच भार १०० ते १२० चौरस सेंटिमीटर फोमवर पसरवते, म्हणजे दाब दहाव्या हिश्शावर. पट्टी मार जागेत पसरवते, फोम वेळेत.

मास्कचा जन्म १८७० च्या दशकातला. हार्वर्डच्या फ्रेड थेयर यांनी तलवारबाजीच्या मास्कवरून कॅचरसाठी पिंजरा बनवला, त्याचं पेटंट १८७८ चं. गळ्यावर लोंबणारी पट्टी मात्र फार उशिरा आली. १९७६ मध्ये बेसबॉल सामन्यात मोडलेल्या बॅटचा तुकडा स्टीव्ह येगर या कॅचरच्या गळ्यात घुसला, त्यानंतर त्याच्या संघाचे ट्रेनर बिल ब्यूलर यांनी ती मास्कला जोडली. आज पिंजरा पोलादाचा किंवा टायटॅनियमचा असतो. टायटॅनियमचा हलका म्हणून मानेला बरा, पण जड मास्क चेंडूचा तोच संवेग जास्त वस्तुमानात वाटून घेतो आणि डोकं थोडं कमी हलतं. टायटॅनियमचा विषय निघालाच आहे तर सांगतो: खेळाडूंच्या गळ्यात दिसणाऱ्या टायटॅनियमच्या माळा "शरीरातला विद्युतप्रवाह संतुलित करतात" हा दावा निराधार आहे. या धातूचा उपयोग पिंजऱ्यात आहे, गळ्यातल्या दोऱ्यात नाही. आणि मेंदूला धक्का बसणारच नाही असं वचन देणाऱ्या जाहिरातीवरही विश्वास ठेवू नका. कवटी वाचवता येते, पण आतला मेंदू द्रवात तरंगतो आणि डोकं गर्रकन फिरलं की तोही हिसकला जातो.

छातीच्या बाबतीतही एक धोका फोमच्या हिशेबात बसत नाही. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यात, ईसीजीतली (हृदयाच्या विद्युत आलेखातली) टी नावाची लहर चढत असताना, सुमारे २० मिलिसेकंदांची एक खिडकी असते. नेमक्या त्या क्षणी हृदयावर बोथट मार बसला तर कुठलंही हाड न मोडता हृदयाची लय कोलमडू शकते. याला कमोशिओ कॉर्डिस म्हणतात. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकन फुटबॉलपटू डमार हॅमलिन मैदानात कोसळला तो यानेच. जागच्या जागी सुरू केलेल्या सीपीआरने (छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवण्याच्या उपचाराने) आणि विजेच्या झटक्याने तो वाचला. किशोरवयीन मुलांना हा धोका अधिक, कारण त्यांची छाती लवचीक असते. साधे चेस्ट गार्ड यासाठी बनलेलेच नव्हते. आता अमेरिकेत त्यासाठी वेगळं प्रमाणमान आहे, आणि मुलांच्या सामन्यात उभं राहणाऱ्या प्रत्येक पंचाला एईडी, म्हणजे हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र, कुठे ठेवलंय हे माहीत असलंच पाहिजे.

मध्यंतरी एक टाकून दिलेला चेस्ट गार्ड मी ब्लेडने उसवला. वरून अगदी ठीक दिसत होता, पट्ट्यांना ओरखडेसुद्धा नव्हते. खांद्याजवळच्या फोममध्ये अंगठ्याचं नख रुतवलं, तर खळगा लगेच भरून आला. छातीच्या मधोमध रुतवलं, वीस आकडे मोजले, तरी नखाची चंद्रकोर तशीच होती. तिथल्या कोठड्या घामाने, उन्हाने आणि कित्येक चेंडूंनी आधीच मिटवून टाकल्या होत्या.