लार्स होल्मर यांचा संग्रह ऐकण्यापूर्वी

आमच्या दुकानातून स्वीडिश अकॉर्डियनवादक आणि संगीतकार लार्स होल्मर यांची 'द सायरन अँड अदर वर्क्स' ही सीडी घेणाऱ्या प्रत्येकाच्या पिशवीत आम्ही हे पत्रक घालतो. त्यांच्या आधीच्या एकल तबकड्यांमधून निवडलेला हा संग्रह १९९३ साली निघाला. यातली एक धून जत्रेतल्या पाळण्यासारखी गरगरते, तर दुसरी प्रार्थनेसारखी संथ चालते. त्यामुळे दोन वेगळ्या कलाकारांचे संगीत एकत्र आले आहे का, असे ग्राहक विचारतात. कलाकार एकच आहे, आणि त्याला समजून घ्यायचे तर आधी त्याच्या वाद्याकडे पाहावे लागते.

अकॉर्डियनला स्वीडिश भाषेत 'ड्रागस्पेल' म्हणतात. 'ड्राग' म्हणजे ओढणे आणि 'स्पेल' म्हणजे वाजवणे. आपल्या पेटीचे आणि त्याचे कूळ एकच. दोन्हींत भात्याची हवा धातूच्या पातळ पट्टीवरून जाते, पट्टी थरथरते आणि सूर उमटतो. पेटीचा भाता हवा साठवतो आणि सूर सलग ठेवतो. अकॉर्डियनचा भाता मात्र वादकाच्या छातीशी असतो. तो उघडताना वाजतो आणि मिटतानाही वाजतो. दिशा बदलताना एक बारीकसा खंड पडतो. चांगला वादक तो लपवत नाही, उलट गायकाने दम घ्यावा तसा तो वापरतो. होल्मर ऐकताना कान नेमका तिथे ठेवा. त्यांच्या पुढच्या काळातल्या एका तबकडीचे नावच 'आन्देताग', म्हणजे श्वास, असे आहे.

होल्मर यांचा जन्म १९४८ सालचा आणि गाव स्वीडनमधले उप्साला. या गावाचे आणि अकॉर्डियनचे नाते सरळ नव्हते. ह्यूगो आल्फव्हेन हे नामवंत संगीतकार १९१० ते १९३९ या काळात उप्साला विद्यापीठाचे संगीतप्रमुख होते. या वाद्याने खेड्यापाड्यांतली जुनी फिडलची, म्हणजे लोकसंगीतातल्या व्हायोलिनची, परंपरा बुडवली, असे मानणाऱ्यांपैकी ते एक. अकॉर्डियन दिसले की फोडून टाका, इथपर्यंत त्यांची भाषा गेली होती. आपल्याकडे १९४० साली आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली आणि ती उठायला तीस वर्षांहून अधिक काळ जावा लागला. ज्यांना ती हकीकत ठाऊक आहे, त्यांना आल्फव्हेन यांचा राग ओळखीचा वाटेल. त्याच उप्सालात पुढे होल्मर यांनी हे वाद्य इतक्या मायेने जवळ केले, याचे आम्हाला फार अप्रूप आहे.

सुरुवात मात्र रॉकपासून झाली. १९६९ साली त्यांनी 'साम्ला मामास मान्ना' हा वाद्यवृंद उभा केला. विषम मात्रांच्या चाली, मध्येच किंचाळणे, गुणगुणणे, खेळण्यांसारखे आवाज आणि या सगळ्याच्या तळाशी लोकनृत्याची चाल, असा त्यांचा खाक्या होता. १२ मार्च १९७८ रोजी लंडनमध्ये 'रॉक इन ऑपोझिशन' नावाने युरोपातले पाच वाद्यवृंद एकत्र आले, त्यांत हाही होता. मोठ्या कंपन्यांनी दारात उभे न केलेल्या संगीताचा तो मेळावा होता.

'विक्षिप्त' हा शब्द होल्मर यांना नेहमी चिकटवला जातो. तो त्यांच्या कामाच्या पद्धतीला शोभतो. घराजवळच्या जुन्या कोंबड्यांच्या खुराड्यात त्यांनी आपला स्टुडिओ थाटला, आणि त्याचे नावही खुराडेच ठेवले. तिथे ते बरीचशी वाद्ये स्वतःच एकावर एक ध्वनिमुद्रित करत. १९८१ची पहिली एकल तबकडी 'बारा सैबेरियन सायकली' या नावाची आहे, आणि तिच्यातल्या एका तुकड्याच्या नावाचा अर्थ 'लेडीज सायकलवरून सहल' असा होतो. नावे खट्याळ असली तरी संगीत थट्टेवारी नेलेले नाही. 'बोएव्हेस साल्म' ही त्यांची सर्वांत प्रसिद्ध धून एखाद्या स्तोत्रासारखी आहे. ती रात्री, दिवे मंद करून, आवाज बेताचा ठेवून ऐका.

संग्रहातल्या धूनी सुटसुटीत आहेत. एका बैठकीत चार-पाच पुरे. तालाचा हिशेब लावायचा असेल तर आधी पायाने ठेका धरा आणि मग मात्रा मोजा. रूपकाची सवय असलेल्यांना सात मात्रांची वळणे जड जाणार नाहीत. जुन्या हिंदी चित्रपटगीतांमधले केर्सी लॉर्ड किंवा पुण्याचे एनॉक डॅनियल्स यांचे अकॉर्डियन ज्यांच्या कानात आहे, त्यांना वाद्य लगेच ओळखू येईल. तिथे अकॉर्डियन गाण्याला सजवते, इथे रचनेची सगळी भिस्त त्याच्यावर आहे.

हा संग्रह १९९३पाशी थांबतो आणि आमच्या मते होल्मर यांचे सर्वांत हळवे काम त्यानंतरचे आहे. म्हणून 'आन्देताग' आणि 'वियान्द्रा' याही तबकड्या आम्ही ठेवतो. १९९६पासून ते 'अकॉर्डियन ट्राइब' मध्येही होते. त्यात अमेरिका, फिनलंड, स्लोव्हेनिया, ऑस्ट्रिया आणि स्वीडन अशा पाच देशांचे पाच अकॉर्डियनवादक होते. पाच भाते एकदम उघडतात तेव्हा खोलीतली हवा हलल्यासारखी वाटते. होल्मर २५ डिसेंबर २००८ रोजी गेले.

विकत घेण्याआधी ऐकायचे असेल तर दुकानात हेडफोन आणि खुर्ची आहे. तुम्ही पेटी वाजवत असाल तर आम्हाला जरूर सांगा, तुम्हाला आम्ही सगळ्यात आधी 'बोएव्हेस साल्म' लावून देऊ.